गंगा प्यायलेली फळी

मांजर

खालच्या मजल्यावरच्या मित्रबाबूंचं मांजर आजवर एकदाही जिना चढून वर आलं नव्हतं. कशाला येईल? यामिनीच्या शाकाहारी घरात साय फ्रिजमध्ये आणि वरणभात ताटात. त्या मांजराने हे बिऱ्हाड केव्हाच नापास करून टाकलं होतं. आणि आज, हरतालिकेच्या सकाळी, ते उघड्या दारातून शेपटी ताठ करून आत आलं, पसाऱ्यातून वाट काढत थेट मखरापुढे गेलं, पुढचे पाय जुळवून बसलं आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"अगं बाई," यामिनीच्या सासूबाई, प्रेमलताबाई म्हणाल्या, "मूर्ती उद्या यायचीय आणि भक्त आजच हजर!"

सगळे हसले. यामिनीच्या मुलीने, नूपुरने, फोटो काढला. यामिनीच्या सासऱ्यांनी, नानांनी, चष्मा कपाळावर सरकवून मांजराकडे पाहिलं, मग ते ज्या फळीपुढे बसलं होतं त्या फळीकडे पाहिलं, परत मांजराकडे पाहिलं, आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वर्तमानपत्र थरथरत होतं. पंखा तर बंद होता.

यामिनी हातात सुतळी घेऊन स्टुलावर उभी होती. शेवटची गाठ मारायची होती. तीही हसली, पण नाकाने. म्हणजे हसताना तिने श्वास घेतला, आणि तो अर्ध्यावरच थांबवला.

नाही. नसेल. कसं असेल?

तिने गाठ मारली.

खिडक्या

मखर म्हणजे मोडलेल्या कलकत्त्याची गोळाबेरीज होती. दोन बाजूंना बागबाजारच्या एका पाडलेल्या घराच्या खिडकीच्या झडपा, शेवाळी हिरव्या, आडव्या पट्ट्यांच्या. इथे त्यांना खडखडी म्हणतात. मधली उभी दांडी ओढली की साऱ्या पट्ट्या एकदम डोळे उघडतात, सोडली की मिटतात. वर कमान म्हणून कुणाच्या तरी लग्नातल्या पलंगाची डोक्याकडची बाजू: दोन मोर, त्यातल्या एकाची चोच गेलेली. चोचीच्या जागी नूपुरने लवंग खोचली होती. उंदराला चढायला जिना हवा म्हणून हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. दुर्वा-फुलं ठेवायला शिवणयंत्राचे दोन खण. आणि या सगळ्याच्या खाली, गणपतीच्या आसनाला, ती फळी. चार बोटं जाड, मधे झिजून खोलगट झालेली, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी सागाची फळी. तिच्या एका टोकाला उभी अरुंद खाच होती. एस्प्लनेडच्या फुटपाथवर घेतलेल्या पितळी आरशाची रिकामी चौकट त्या खाचेत अशी बसली, की मूर्तीमागे आयती प्रभावळ. जणू कुणी आधीच माप घेऊन ठेवलं होतं.

"खडखडी ओढू?" नूपुर सकाळपासून विचारत होती. मागे दिव्यांची माळ होती. पट्ट्या उघडल्या की भिंतभर उजेडाच्या रेघा पडत.

"उद्या ओढ. आरतीला."

"एकदाच! मा, बघ ना, किती सुंदर दिसतो खिडकी."

"दिसते," प्रेमलताबाई तिकडून म्हणाल्या. "खिडकी दिसते."

"हो आजी. दिसते तो."

खिळा मात्र एकही नव्हता. सगळं सुतळीने बांधलेलं. नवरा, केयूर, ड्रिल घेऊन आला होता, यामिनीने त्याला परत पाठवलं. कारण तिच्या सासूबाईंचं एक वाक्य. नागपूरचं घर आवरून नाना आणि आई मुलांकडे राहायला लागले, तेव्हा घरातला गणपती कुठे जाणार हा प्रश्न निघाला. थोरला विनायक पुण्याला, धाकटा केयूर इथे डमडमला. प्रेमलताबाईंनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाल्या, "यंदा कलकत्त्याला बसवू. कायमचं कुठे, ते बघू."

त्या 'बघू'वर खिळे कसे ठोकायचे?

यामिनी याच शहरात वाढली. वडील बँकेत, बदलीवर आलेले, मग इथेच रमलेले. लहानपणी गणपती म्हणजे महाराष्ट्र मंडळाचा हॉल आणि मागच्या रांगेत उभं राहून वाजवलेल्या टाळ्या. लग्नानंतर गणपती म्हणजे नागपूर, आणि नागपुरात तिच्याकडे नारळ खवण्याचं खातं. समई डावीकडे की उजवीकडे, हे तिला कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर होतं. दरवर्षी असायचं. आणि आता नूपुर. पोरगी मराठीतली पुल्लिंगं-स्त्रीलिंगं विळीवर चिरल्यासारखी बोलते, पण आरती म्हणते तेव्हा एक अक्षर चुकत नाही. गणपती एक दिवस जरी या घरात राहिला, तरी...

पुण्याची बॅग

"यामिनी, मी आणलंय हं, लागलं तर असू दे म्हणून."

देवयानीवहिनींनी बॅगेतून चपटं खोकं काढलं. विनायकला सुटी मिळाली नव्हती, म्हणून त्या एकट्याच सासू-सासऱ्यांना घेऊन विमानाने आल्या होत्या, आणि त्यांच्या बॅगेच्या निम्म्या वजनात हे खोकं होतं. घडीचं मखर. पुठ्ठ्याचं, कापडाचं, पैठणीच्या काठाचं. सोबत घडीचा चौरंग. उघडलं की मखर, मिटलं की खोकं.

"किती छान," यामिनी म्हणाली.

"नाही नाही, तुझं हे छानच आहे. वेगळं आहे." वहिनींनी 'वेगळं' हा शब्द वाटीत तूप वाढताना चमचा झटकावा तसा झटकला. "फक्त जुनं लाकूड म्हटल्यावर मला जरा वाळवीची भीती वाटते. कुणाच्या घरचं, कुणी काय केलेलं त्यावर..."

"फळी गंगेची आहे," प्रेमलताबाई मधेच म्हणाल्या.

यामिनीने उरलेली सुतळी उगाच पुन्हा गुंडाळायला घेतली.

"घाटावरची," प्रेमलताबाई पुढे म्हणाल्या. "यामिनीने शोधून आणली. वर्षानुवर्षं गंगेचं पाणी प्यायलेली. मी काल स्वतः तांब्याभर गंगाजल ओतून चोळून काढली तिला. हात लाव, देवयानी. बघ कशी गुळगुळीत झालीय."

वहिनींनी हात लावला. मग तो हात पदराला पुसला. मग, न कळत, नाकाजवळ नेला.

मांजराने एक डोळा उघडला.

फळी (हा तुकडा खरं तर सगळ्यांच्या आधी बसायला हवा होता)

बागबाजारच्या गल्लीत एक गोदाम आहे. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या तिथे माणसांसारखी भिंतीला पाठ टेकून उभी असतात. गोदामवाला डालडाच्या डब्यावर बसून झालमुडी खात होता. यामिनीने खडखड्या निवडल्या, पलंग निवडला, आणि निघता निघता कोपऱ्यातली ती फळी दिसली. उदबत्तीच्या धुराखाली, कोरडी ठणठणीत, काळीभोर.

"ही कुठली?"

"भालो काठ, दीदी," तो म्हणाला आणि फळीवर चापट मारली. "शारा जीबोन जोल खेयेछे."

आयुष्यभर पाणी प्यायलेलं लाकूड. एवढंच तो म्हणाला. कुठलं पाणी, ते त्याने सांगितलं नाही, यामिनीने विचारलं नाही. पण गोदामापासून घाट हाकेच्या अंतरावर. वारा तिकडूनच येत होता. बागबाजारहून टॅक्सी निघाली तेव्हा ती फळी घाटाजवळची होती. श्यामबाजारला घाटाची झाली. डमडमला पोचेपर्यंत कुणी आजीबाई पहाटे स्नान करून तिच्यावर बसून जप करत होत्या, आणि यामिनीने घरच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं: 'बाप्पाचं आसन. गंगेच्या घाटावरचं.'

पुण्याहून प्रेमलताबाईंनी हात जोडल्याच्या आठ खुणा पाठवल्या होत्या. सासूबाईंकडून यामिनीला एका वेळी एवढे नमस्कार कधी मिळाले नव्हते. ते परत करायचं तिच्या जिवावर आलं.

स्वयंपाकघराचं दार

केयूर पाणी प्यायला आत आला. पाणी न पिता उभा राहिला.

"यामिनी."

"काय?"

"कसला तरी वास येतोय."

"कसला?"

"म्हणजे... तसला."

"तसला म्हणजे कसला?"

"तुला येत नाही?"

"मला काय यायचंय? तुला कसला येतोय ते सांग ना."

"मी कशाला सांगू? मला कुठे माहीत आहे?"

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षांत त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, की एस्प्लनेडच्या ऑफिसमागे 'केबिन' म्हणून जी छोटी खानावळ आहे तिथलं फिश फ्राय काय असतं. आणि तिने त्याला सांगितलं नव्हतं, की शाळेतून आल्यावर शेजारच्या बंगाली मावशी, माशीमा, तिला मांडीवर घेऊन काटे काढून काढून काय भरवायच्या. दोघं एकमेकांकडे पाहत राहिली, दोन चोर एकाच भिंतीवर समोरासमोर चढल्यासारखी.

"ओलं लाकूड," केयूर म्हणाला.

"ओलं लाकूड," यामिनी म्हणाली.

दारातून नूपुर आत घुसली. "मा, ऐक ना, तो फळीला..."

"गप."

"पण तो तर पूर्ण..."

"गप म्हणते ना! आणि तुला गं कसं कळलं?"

नूपुरने डोळे बारीक केले. "तुला कसं कळलं?"

केयूरने आता पाणी प्यायलं. लगेच दुसरा ग्लास भरला.

"हे बघा," यामिनी कुजबुजली. तिच्या आवाजाला हसू फुटत होतं आणि रडूही, आणि दोघांना ती एकाच वेळी दाबत होती. "आई काल तिच्यावर गंगाजल ओतून बसल्यात. मी ग्रुपवर घाट लिहिलंय. वहिनींचं खोकं बाहेर उघडं पडलंय. आज कुणी तोंड उघडलं, तर पुढच्या वर्षी मी परत नारळ खवत बसेन, आता पुण्यात. कळलं? मी दुपारी झोपले सगळे की लिंबू लावते, चिंच लावते, शिकेकाई लावते. तोवर कुणाला काही येत नाही. कसला वास?"

"कसलाच नाही," केयूर म्हणाला.

"कसलीच नाही," नूपुर म्हणाली. "दिले बाबा, स्त्रीलिंग."

तिघं खिदळली. हसता हसता यामिनीला ओट्याचा आधार घ्यावा लागला. उपाशी पोटी हसू असंच चढतं.

बाहेरून वहिनींचा आवाज आला: "केयूर भावजी, तुमचा गॅस लीक होतोय का?"

वास

गॅस नव्हता. केयूरने साबणाचं पाणी लावून दाखवलं.

मग मोरी. नव्हती.

मग फ्रिजमागे काही मेलंय का? काही मेलेलं नव्हतं. मागे फक्त नूपुरचा हरवलेला मोजा आणि एक जुनं आमंत्रण.

मग रंग असेल. जुन्या हिरव्या रंगात म्हणे कसकसली तेलं घालायचे.

देवयानीवहिनी : मी सांगते, ही लाकडं आतून कुजलीत. खिडक्या त्या. दमट हवेत असंच होतं.

केयूर : हो वहिनी, दमट हवा.

प्रेमलताबाई : (माळ ओढत) हं.

यामिनी : मी उदबत्ती लावते.

देवयानीवहिनी : उदबत्तीने जास्तच येतोय. म्हणजे उदबत्तीला तो लागलाय.

नाना : (वर्तमानपत्रामागून) खॅक.

प्रेमलताबाई : तुम्हाला काय झालं?

नाना : ठसका.

मांजर : म्याव.

आणि दिव्यांची ती माळ. मखराची चाचणी म्हणून केयूरने सकाळपासून चालू ठेवलेली. कालचं गंगाजल फळीच्या पोटात, वरून दिव्यांची ऊब, बाहेर भादव्यातलं डमडम, वाऱ्याची झुळूक नाही. वास आता वास राहिला नव्हता. तो घरातला सातवा माणूस झाला होता. सोफ्यावर ऐसपैस बसून तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता.

मांजर उठलं. फळीवर चढलं. जिथे उद्या गणपती बसायचा, त्या खोलगट जागी तोंड खाली घातलं आणि चाटायला लागलं. अगदी शांतपणे, डोळे मिटून, एका टोकापासून.

"शी शी शी! हाकला त्याला!" वहिनी उठल्या. "यामिनी, मी स्पष्टच बोलते, तू रागावू नकोस. हौस वेगळी आणि देव वेगळा. कुजक्या लाकडात मूर्ती नको. आई, मी हे उतरवते, माझं मखर लावायला वेळ लागत नाही." आणि त्यांनी स्टूल ओढलं, डावीकडच्या खडखडीच्या सुतळीला हात घातला. सुतळीच ती. एका ओढीत अर्धी गाठ सुटली. मोराच्या चोचीतली लवंग खाली पडली. पट्ट्या खडखडल्या.

यामिनीने प्रेमलताबाईंकडे पाहिलं. त्या माळेचे मणी ओढत होत्या, 'नको' म्हणत नव्हत्या आणि 'हो'ही म्हणत नव्हत्या. बघत होत्या.

"खिडकी नाही!" नूपुर किंचाळली. "मोठी काकू, खिडकी सोड! खिडकीला काही वास नाही! तो फळीचा आहे! माशाचा!"

मांजराच्या जिभेचा खरखर आवाज तेवढा चालू राहिला.

"काहीतरीच काय!" केयूर घाईने म्हणाला. मुलीला वाचवायला उडी घेतली त्याने, पण खाली पाणी किती ते पाहिलं नाही. "माशाचा वास असा येतच नाही. भेटकीला तर वासच नसतो."

"भेटकी कुठली?" यामिनी म्हणाली. तिला थांबता आलंच नाही. चुकीचं काही ऐकलं की दुरुस्त करायची सवय. "भेटकी असती तर आतापर्यंत गेला असता. हा रुईचा..."

ती थांबली. केयूर तिच्याकडे बघत होता. ती केयूरकडे. नूपुर दोघांकडे, तोंडाचा चंबू करून.

देवयानीवहिनी स्टुलावर उभ्या होत्या, एका हातात सुतळी. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरीखुरी, निरागस शंका होती.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "मला अजूनही ओल्या लाकडासारखाच येतोय. तुम्हाला कसं कळलं मासे आहेत म्हणून?"

मित्रबाबूंच्या घरातला प्रेशर कुकर खालून शिट्टी मारून गेला.

"रुई नव्हे," प्रेमलताबाई म्हणाल्या.

त्यांनी माळ डोळ्यांना लावली, गोमुखीत ठेवली. उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, मांजराला मानगुटीला धरून बाजूला केलं आणि फळीवर नाक नेलं. एकदा. दुसऱ्यांदा त्याची गरज नव्हती, तरी दुसऱ्यांदाही नेलं.

"रुईच्या तेलाला एवढा टिकाव नसतो. हा इलिश आहे."

वर्तमानपत्र खाली पडलं. नाना दोन्ही हातांनी पोट धरून, आवाज न करता, लालबुंद होऊन हसत होते. आवाज यायला वेळ लागला, आला तेव्हा बाल्कनीतली कबुतरं उडाली.

"आई?" केयूर म्हणाला.

"ओरडू नकोस. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे."

"विनूच्या वेळची," नाना डोळे पुसत म्हणाले. "माझी पहिली बदली इथेच. बागबाजारला खोली. हिच्या अंगात रक्त नाही म्हणे, डॉक्टर नुसते मान हलवायचे. घरमालकीणबाई रोज दुपारी वाटी घेऊन यायच्या. ही मला सांगायची, डाळीचं पाणी आहे."

"मला वाटलं तुम्हाला खरं वाटतंय!"

"अगं, डाळीच्या पाण्यात काटे कधी असतात का?"

"आणि एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

प्रेमलताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. यामिनीने सासूबाईंना असं हसताना पाहिलं नव्हतं. नागपुरात त्या हसायच्या, पण तिथे हसू ताटाभोवतीच्या रांगोळीसारखं असायचं, आखलेलं. हे सांडलं होतं. केयूर हसत जमिनीवर बसला. नूपुर हसत त्याच्या अंगावर पडली. ठसका लागलेल्या नानांच्या पाठीवरून हात फिरवताना यामिनीलाच हसू आवरेना, म्हणून ती त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

"म्हणजे," स्टुलावरून आवाज आला, "या घराण्यात मी एकटीच?"

सगळ्यांनी वर पाहिलं. वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. "एकवीस वर्षं मी तुमच्याकडे अंड्याचा केकसुद्धा आणला नाही! मला कुणी सांगायचं तरी!"

आता मात्र प्रेमलताबाई खालीच बसल्या.

पाट

हसण्याला उतार पडल्यावर बोलायचं होतं ते उरलंच होतं. ते यामिनीलाच बोलायचं होतं.

"आई, घाटाचं मी लिहिलं. तो माणूस फक्त म्हणाला, आयुष्यभर पाणी प्यायलेलं लाकूड आहे. बाकीचं मीच... वाटेत वाढत गेलं."

प्रेमलताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हसू अजून गालांवर होतं, पण डोळे सासूचे होते. "मी तांब्याभर गंगाजल घातलं त्याच्यावर."

"हो."

"नमस्कार केला."

"आठ," नूपुर हळूच म्हणाली.

"इलिश कुठला असतो गं?" नाना मधेच म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्र उचलून घडी घालायला घेतली होती. "गंगेतलाच ना? मग फळीने गंगा प्यायली हे काही अगदीच खोटं नाही. माशांमार्फत प्यायली, एवढंच."

"तुम्ही गप्प बसा. तुमचं डाळीचं पाणी अजून बाकी आहे माझ्याकडे." पण बोलताना त्या मखराकडे बघत होत्या. अर्धवट सुटलेली सुतळी, कलती खडखडी, चोच नसलेला मोर. "देवयानी, खाली उतर. पडशील."

वहिनी उतरल्या.

"तुझा चौरंग उघड. आसनाला तो. या घरात काट्याकुसळाशी संबंध नसलेलं एकच माणूस आहे, त्याच्याच हातचा पाट देवाला."

वहिनींचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू उजळला. त्यांनी खोकं ओढलं. "आणि माझं मखर?"

"मखर आहे की." प्रेमलताबाईंनी हनुवटीने खडखडीकडे दाखवलं. "बागबाजारच्या त्या खोलीला अशाच होत्या. दुपारी ह्या मिटून घ्यायच्या आणि मग वाटी तोंडाला लावायची. कुणाला दिसायचं नाही." त्यांनी दांडी ओढली. खडखडखड. पट्ट्या उघडल्या आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर, नाकावर, उपासाने सुकलेल्या ओठांवर उजेडाच्या रेघा पडल्या. त्यांनी पट्ट्या मिटल्या. पुन्हा उघडल्या.

"आजी, मला उद्या म्हणाले आणि तू आजच!"

"मी मोठी आहे."

पैठणीच्या काठाचा चौरंग बागबाजारच्या खिडक्यांमध्ये बसला, आणि वाईट दिसला नाही. प्रभावळ तेवढी बसेना. चौरंगाला खाच नव्हती. वहिनींनीच आपल्या मखराच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून, दुमडून, मागे टेकू केला, आणि दोन पावलं मागे जाऊन डोकं कलतं करून म्हणाल्या, "यामिनी, समई डावीकडे बरी दिसेल, नाही का?"

"उजवीकडे," यामिनी म्हणाली.

म्हणाली आणि स्वतःच दचकली. कुणी वाद घातला नाही. समई उजवीकडे गेली.

केयूर फळी उचलून दाराकडे निघाला होता. मांजर त्याच्या पायांत घोटाळत, आर्जवं करत मागोमाग.

"कुठे नेतोस?"

"खाली, आई. कचऱ्यात."

"वेडा आहेस का? साग आहे तो." प्रेमलताबाईंनी त्याला थांबवलं आणि फळीच्या टोकाच्या खाचेवरून बोट फिरवलं, जिथे आत्तापर्यंत प्रभावळ उभी होती. "ही खाच पाहिलीस? इथे बोंटी बसते. बंगाली विळी. घरमालकीणबाईंची अशीच होती, पाय दुमडून बसायच्या आणि दोन हातांनी... ठेव बाल्कनीत. उन्हात तापू दे. सवडीने एक पातं बसवून घ्या तिला."

"भाजी चिरायला?" केयूरने फार गंभीरपणे विचारलं.

प्रेमलताबाईंनी गोमुखी उचलली, हात आत घातला, माळेचा मेरुमणी शोधला.

"आज हरतालिका आहे," त्या म्हणाल्या. "आज मी असलं काही बोलणार नाही. काय चिरायचं ते पुढच्या वर्षी आले की सांगते."

आणि डोळे मिटून जप करायला लागल्या.

वहिनींनी यामिनीकडे पाहिलं. यामिनीने वहिनींकडे. वहिनींनी एक लांब श्वास सोडला, पदर खोचला आणि खाली पडलेली लवंग शोधायला जमिनीवर बसल्या.

यामिनी स्टुलावर चढली, डावीकडच्या खडखडीची सुटलेली सुतळी पुरती सोडवून टाकली, मग उजवीकडचीही.

"केयूर," ती म्हणाली, "ते ड्रिल आण. आणि स्क्रू लांबवाले."